राजाच्या झग्याचा काठ

शुक्रवार, २३ जानेवारी २०२६
सामान्य काळाचा दुसरा आठवडा
आजची वाचनं: १ शमुवेल, अध्याय २४, स्तोत्र ५७, मार्क ३:१३-१९



मित्रांनो, आजचं मनन रोजच्यापेक्षा बरंच लांब झालंय. एका मेसेजचं उत्तर सहा महिने माझ्याकडे पडून होतं. २६ जानेवारीला जोडून सुट्टी मिळाली म्हणून भंडाऱ्याला घरी आलोय. आज सकाळी मिस्सात पहिलं वाचन ऐकलं आणि वाटलं, आता टाळाटाळ पुरे.

मेसेज माझ्या एका मित्राचा आहे. २०१८ मध्ये कंपनीच्या प्रोजेक्टसाठी मी अमेरिकेत होतो, तेव्हा तिथल्या एका चर्चमध्ये आमची ओळख झाली. त्या चर्चमध्ये दर रविवारी जुन्या विधीची लॅटिन मिस्सा व्हायची. तोही आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. मी परत आलो, तो तिथेच राहिला. २०२१ नंतर त्या चर्चमधली लॅटिन मिस्सा बंद झाली. आता तो दर रविवारी बराच लांब गाडी चालवत अशा ठिकाणी जातो, जिथले धर्मगुरू जुनी मिस्सा करतात, पण स्थानिक बिशपांच्या परवानगीशिवाय. त्यानं मला लिहिलंय, "तुला ही मिस्सा इतकी आवडायची, मग तू गप्प कसा? बिशप हो म्हणतील तोवरच तुला परंपरा हवी होती का?"

प्रश्न टोचला, कारण त्यात थोडं खरं आहे. मी खरंच गप्प होतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जुनी मिस्सा फक्त इन्स्टाग्रामवर पाहिली असेल, म्हणून आधी थोडं सांगतो. ट्रेंट परिषदेनंतर १५७० मध्ये संत पोप पायस पाचवे यांनी रोमन विधीचा मिस्साग्रंथ ठरवून दिला. लहानसहान बदल होत तोच विधी जवळपास चारशे वर्षं चालला. धर्मगुरू आणि लोक दोघंही वेदीकडे तोंड करून. प्रार्थना लॅटिनमध्ये, त्यातल्या कितीतरी अगदी हळू आवाजात. कम्युनियन गुडघे टेकून. आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणची मिस्सा ती हीच. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज जाहीर केला. १९६९ मध्ये संत पोप पॉल सहावे यांनी नव्या मिस्साग्रंथाला मान्यता दिली. मिस्सा मराठी, हिंदी, कोकणीत आली.

२००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या विधीला पुन्हा मोकळीक दिली. आधीच्या पिढ्यांना जे पवित्र होतं ते आपल्यालाही पवित्रच आहे, अशी त्यांची भूमिका होती. मग १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'त्रादित्सियोनिस कुस्तोदेस' हे पत्र काढून ती मोकळीक परत घेतली. आता बिशपांची परवानगी हवी. त्यानंतर दीक्षा झालेल्या धर्मगुरूला ही मिस्सा करायची असेल तर बिशपांनी रोमला विचारायला हवं. शिवाय ती धर्मग्रामाच्या नेहमीच्या चर्चमध्ये ठेवू नये. पत्राच्या नावाचा अर्थ 'परंपरेचे रक्षक'. आमच्या ग्रुपमधल्या लोकांना ते नाव चेष्टाच वाटलं. ज्यांनी आमची परंपरा काढून घेतली तेच म्हणे तिचे रक्षक!

त्या मिस्सात मला काय मिळालं होतं, हेही सांगतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस मी. मीटिंग, कॉल, पिंग, नोटिफिकेशन. तिथे पहिल्यांदा कुणी माझ्याशी काही बोलत नव्हतं. कुणाला माझं लक्ष वेधून घ्यायचं नव्हतं. सगळ्यांचं तोंड देवाकडे होतं आणि मी मागे गुडघे टेकून होतो, एवढंच. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मला पवित्र साक्रामेंतासमोर रडू आलं. त्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही. ही मिस्सा आवडणारे सगळे बंडखोर आहेत असं कुणी म्हटलं तर मी आजही वाद घालीन.

आता आजच्या वाचनाकडे येऊ.

शौल राजा तीन हजार माणसं घेऊन दावीदाच्या मागावर आहे. दावीदानं त्याचं काही वाईट केलेलं नाही. उलट त्याच्यासाठी लढाया जिंकल्यात, त्याच्या त्रासलेल्या मनासाठी वीणा वाजवलीय. त्याबद्दल शौलानं दावीदावर भाला फेकला. एन-गेदीच्या रानात शौल देहधर्मासाठी एका गुहेत शिरतो आणि नेमके आत दावीद आणि त्याची माणसं लपलेली असतात. माणसं म्हणतात, हाच तो दिवस, देवानंच शत्रूला तुझ्या हातात दिलंय. दावीद पुढे सरकतो आणि शौलाच्या झग्याचा फक्त काठ कापून घेतो. आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खातं.

मी हे वाचन कितीदा ऐकलं असेल! दावीदानं शौलाला मारलं नाही, इथंच माझं लक्ष अडायचं. आज मात्र मी झग्यावर अडलो. मारलं नाही, जखम केली नाही, कापडाचा एक तुकडा कापला. त्यात वाईट वाटण्यासारखं काय? पण झगा हा राजेपणाची खूण होता. दावीदानं माणसाला हात लावला नाही, पण त्याच्या अभिषेकाला कात्री लावली. हे त्याला नंतर कळलं आणि टोचलं.

मला आमचं कॉफीचं टेबल आठवलं. लॅटिन मिस्सा संपली की आम्ही खाली हॉलमध्ये कॉफी घ्यायचो. वर इतकं पावित्र्य, आणि खाली पाच मिनिटांत पोपमहोदयांवर विनोद सुरू. त्यांचं बोलणं, त्यांचे बूट, त्यांच्या मुलाखती. मीम्स फिरायचे. मीही हसलोय. दोन-चार मी स्वतः फॉरवर्ड केलेत. आम्ही कुणी चर्च सोडलं नव्हतं, कुणी बंड केलं नव्हतं. फक्त काठ कापत होतो, दर रविवारी थोडा थोडा. परवानगी देताना दाखवलेला मोठेपणा फूट वाढवायला वापरला गेला, असं पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये लिहिलं तेव्हा मला राग आला. पण ते टेबल आठवून मी मान खाली घातली. त्यांचा निर्णय बरोबर होता की नाही, यावर मला आजही शंका आहे. त्यांनी दिलेलं कारण खोटं होतं असं मात्र मी म्हणू शकत नाही.

मित्राचं म्हणणं असं, की परंपरा सांभाळली तर एकी आपोआप सांभाळली जाते. जुनी मिस्सा होती तेव्हा चर्च एक होतं, ती गेली आणि सगळं विस्कटलं. मला हे पटत नाही. त्यासाठी व्हॅटिकनचा नाही, आपल्या मुंबईचा इतिहास पुरे.

पोर्तुगालच्या राजाला पूर्वी पोपकडूनच एक अधिकार मिळाला होता, पाद्रोआदो. त्याच्या मुलखातल्या मिशनचा खर्च त्यानं करायचा आणि बिशप कोण व्हावा हे त्यानं सुचवायचं. नंतर १६२२ मध्ये रोमनं मिशनकार्य थेट आपल्या हाताखाली घ्यायला प्रोपागांदा फिदे ही संस्था काढली. १७२० मध्ये मुंबईच्या इंग्रज सरकारनं गोव्याच्या आर्चबिशपांचे धर्मगुरू बाहेर काढले आणि चर्चेस प्रोपागांदाच्या कार्मेलाइट विकारांकडे दिली. १७८९ मध्ये ती पुन्हा गोव्याकडे गेली. १७९४ मध्ये वाटणी झाली, दोन यांच्याकडे, दोन त्यांच्याकडे. एकाच शहरात, एकाच धर्माच्या, एकाच जातीगोतातल्या लोकांचे दोन बिशप. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून गोष्ट इतकी विकोपाला गेली, की प्रोपागांदाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन चर्चमध्ये स्वतःला कोंडून बसले आणि बाहेर कॅथलिकांनीच वेढा दिला. १८८६ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, तरी दुहेरी कारभार पूर्ण संपायला १९२८ साल उजाडलं.

आता मला सांगा, १८५३ मध्ये माहीमला चर्चच्या आत कोणती मिस्सा होत होती? लॅटिन. आणि वेढा घालणारे कोणती मिस्सा ऐकत वाढले होते? तीच. शब्द तोच, वेदीकडे तोंड करणंही तेच. तरी भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला. आणि दोन्ही बाजू म्हणत होत्या, खरे निष्ठावंत आम्हीच. एक बाजू म्हणे, पोपनंच राजाला दिलेला हक्क आम्ही पाळतोय. दुसरी म्हणे, आजचा पोप काय सांगतोय ते आम्ही पाळतोय. जुनी मिस्सा फार मौल्यवान आहे, पण तिनं माणसाचा हट्ट बरा केला नाही.

नव्या मिस्सानंही केलेला नाही. भंडारा जिल्हा नागपूरच्या लॅटिन महाधर्मप्रांतात येतो. पण वैनगंगेच्या कडेनं खाली गडचिरोली-चंद्रपूरकडे गेलं की सिरो-मलबार विधीचा चांदा धर्मप्रांत लागतो. आमच्या ओळखीची कितीतरी मल्याळी कुटुंबं त्या विधीची आहेत. त्या चर्चच्या सिनडनं २०२१ मध्ये ठरवलं, की मिस्साचा पहिला भाग धर्मगुरूंनी लोकांकडे तोंड करून आणि मधला अर्पणाचा भाग वेदीकडे तोंड करून करावा, सगळीकडे एकसारखं. एर्नाकुलम-अंगमालीतल्या बऱ्याच धर्मगुरूंनी आणि लोकांनी ते मानलं नाही. त्यांना पूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करूनच हवी होती. २०२२ च्या ख्रिसमसच्या तोंडावर तिथल्या बॅसिलिकेत अगदी वेदीपाशी धक्काबुक्की झाली. म्हणजे अमेरिकेतले माझे मित्र 'जुनं सोडणार नाही' म्हणून अडले आणि एर्नाकुलमचे लोक 'आमचं नवं सोडणार नाही' म्हणून. वाद जुन्या-नव्याचा दिसतो. पण दोन्हीकडे खरा जोर 'आमचं' या शब्दावर आहे.

मग काय, वरून जे येईल त्यावर मान डोलवायची? नाही. इथे गोंधळ होऊ देऊ नका.

प्रेषितांनी सभेसमोर सांगितलं होतं, की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय. त्यांना काय आज्ञा झाली होती? येशूच्या नावानं बोलू नका. ते मानणं पाप झालं असतं, म्हणून त्यांनी मानलं नाही आणि फटके खाल्ले. उद्या कुणीही, कितीही मोठ्या पदावरचा असो, मला म्हणाला की लेकरावर झालेला अत्याचार झाकून ठेव, हिशोबात खोटं लिही, साक्ष फिरव, तर तिथे आज्ञापालन हेच पाप आहे. अशा वेळी बिशपांचं नाव पुढे करून गप्प बसणारा निष्ठावंत नाही, भित्रा आहे. चर्चनं या बाबतीत फार मोठी किंमत मोजलीय, आणि मोजली ती बहुतेक लहान लेकरांनी.

पण मला काय आज्ञा झाली होती? पाप कर अशी नाही. एक आवडती गोष्ट सोड, एवढीच. माझ्यापुरता फरक इथे आहे. अधिकारी मला पाप करायला सांगतोय, की नुकसान सोसायला सांगतोय? पहिल्याला 'नाही' म्हणणं कर्तव्य आहे. दुसऱ्यात दुखतं, रडू येतं, कधीकधी तो निर्णय चुकीचाही असतो. पण दुखतंय म्हणून ते पाप ठरत नाही. मनाला या दोन गोष्टींची गल्लत करायची फार घाई असते. जे मला नको ते देवालाच नको असणार, असं ते पटकन ठरवून टाकतं.

सोमवारचं वाचन आठवतंय? तोच शौल. देवानं सांगितलं होतं सगळं नष्ट कर. त्यानं उत्तम गुरंमेंढरं राखून ठेवली आणि वर म्हणाला, देवाला बळी द्यायलाच ठेवलीत. शमुवेलानं त्याला सुनावलं, की देवाला बळीपेक्षा ऐकणं प्रिय आहे. उपासनेचं कारण देऊन केलेली अवज्ञा बायबलमध्ये इतकी जुनी आहे.

मित्र यावर म्हणेल, आणि तो हुशार आहे, नक्की म्हणेल: नवी मिस्सा विश्वासालाच घातक असेल तर ती स्वीकारणं पाप नाही का? आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांचं म्हणणं साधारण असंच होतं. आणीबाणीची परिस्थिती आहे, नियम बाजूला ठेवणं भाग आहे, असं म्हणून त्यांनी ३० जून १९८८ रोजी पोपच्या मनाईला न जुमानता चार बिशपांना अभिषेक केला.

माझी अडचण साधी आहे. आणीबाणी आहे हे ठरवणार कोण? मीच ठरवणार असेन तर माझ्या वर कुणीच उरलं नाही. आमच्या धंद्यात ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये मतभेद झाले की कोडची प्रत घेऊन वेगळी वाट धरतात, त्याला फोर्क म्हणतात. त्यात काही गैर नाही, सॉफ्टवेअर त्यानं सुधारतंही. पण एकदा फोर्क केला की पुढच्या वादात त्याचाही फोर्क होतो, कारण 'पटलं नाही तर वेगळे व्हा' हा नियम आपणच घातलेला असतो. आजच्या शुभवर्तमानात प्रभू डोंगरावर जाऊन बारा जणांना बोलावतो. जकात घेणारा मत्तय आणि कनानी शिमोन एकाच यादीत. पुढे नाकारणारा पेत्र पहिला, धरून देणारा यहूदा शेवटचा. ही यादी आपण केलेली नाही. आपण केली असती तर नक्कीच वेगळी केली असती.

आणि १९८८ मध्ये दुसराही रस्ता होता. लफेव्र यांच्याबरोबरच्या काही धर्मगुरूंना तो अभिषेक मान्य झाला नाही. त्यांचं जुन्या मिस्सावरचं प्रेम तेवढंच होतं. पण ते रोमबरोबर राहिले आणि त्याच वर्षी त्यांचा संत पेत्राच्या नावाचा समाज सुरू झाला. २०२१ च्या पत्रानंतर, फेब्रुवारी २०२२ मध्ये, याच पोप फ्रान्सिस यांनी त्या समाजाला जुने ग्रंथ वापरत राहायची मुभा दिली. राहिलं की बक्षीस मिळतंच असं मी म्हणत नाही. कितीतरी जण राहिले आणि त्यांना काहीच मिळालं नाही. पण प्रेम तेच ठेवून राहता येतं, एवढं त्यांनी दाखवलं.

आता घरची गोष्ट.

माझी आजी ८३ वर्षांची आहे. काल रात्री जेवणानंतर मी तिला विचारलं, "आजी, तुले जुनी मिस्सा आठवते का, लॅटिनवाली?"

"आठवते ना. घंटी वाजली का डोस्कं खाली. बाकी काही समजे नाही, पन देव होता."

"मग तू मिस्साभर काय करायची?"

"माळ जपू. नमो मरिया, नमो मरिया."

"आन् मिस्सा बदलली तवा?"

ती थोडी थांबली. "वाईट वाटलं बाप्पा. जुने गाणे गेले. आमाले कोनी इचारलं नाही. पन मी कुठी जाऊ? देव त इथंच होता."

आमाले कोनी इचारलं नाही. हे वाक्य मला रात्रभर आठवत होतं. १९६९ मध्ये आजीला कुणी विचारलं नाही आणि २०२१ मध्ये माझ्या मित्राला कुणी विचारलं नाही. अधिकाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या प्रार्थनेला हात घालणं ही बारीक गोष्ट नाही. शौल अभिषिक्त होता म्हणून त्याचा भाला फुलाचा होत नव्हता.

पण आजीचं उत्तर मित्राच्या मताला आडवं येतं. नवी मिस्सा घातक असेल, तर १९६९ पासून आजपर्यंत आजीनं दर रविवारी जे घेतलं ते काय होतं? आज सकाळी आम्ही सगळे मिळून दहा-बारा माणसं होतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हिंदी मिस्सा, एक मराठी गीत, तेही बेसूर. वेदीजवळ समई. आमच्या अमेरिकेतल्या ग्रुपमध्ये भारतातल्या समया आणि आरत्यांचे व्हिडिओ 'ही बघा मूर्तिपूजा' म्हणून फिरायचे. समई, आरती, अंजली मुद्रा, पंचांग प्रणाम, हे सगळं कुणा धर्मगुरूनं मनानं घुसवलेलं नाही. भारताच्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमनं २५ एप्रिल १९६९ रोजी मंजुरी दिली, त्यातलं ते आहे. आणि आपली परंपरा म्हणाल तर ती फक्त लॅटिन कधीच नव्हती. लॅटिन मिस्साच्याच काळात, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटानं मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण छापलं होतं. मिस्सा लॅटिनमध्ये ऐकणारे लोक प्रभूची कथा ओवीत ऐकत होते.

आज आजीनं थरथरत्या हातांनी ख्रिस्तशरीर घेतलं. मी मागे उभा होतो. तिच्या हातातला प्रभू आणि २०१८ मध्ये मी गुडघे टेकून घेतलेला प्रभू वेगळा आहे, असं मी कुणाच्याही तोंडून ऐकून घेणार नाही. माझ्या मित्राच्याही नाही.

तर मग गप्प का होतो? तुझा हा आरोप मला मान्य आहे, मित्रा. मी दावीदाचा फक्त एक भाग शिकलो होतो, हात न उचलण्याचा. पण दावीद गुहेत गप्प बसून राहिला नाही. शौल बाहेर पडल्यावर तोही बाहेर आला, त्यानं हाक मारली, जमिनीपर्यंत वाकला आणि मग सगळं स्पष्ट बोलला. माझा अपराध काय? लोकांचं ऐकून माझ्या मागे का लागलास? कापलेला काठ त्यानं हातात धरून दाखवला आणि न्याय देवावर सोडला. राजा म्हणून मान दिला आणि खरंही सांगितलं. पौलानंही अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केला होता, पण वेगळी ख्रिस्तसभा काढली नाही. आपल्या चर्चच्या कायद्यातही कलम २१२ सांगतं, की आदर राखून आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यही.

म्हणून आज दुपारी बसून मी एक पत्र लिहिलंय. मी राहतो तिथल्या बिशपांना. दोन पानं. महिन्यातून एकदा तरी जुन्या विधीची मिस्सा व्हावी, त्यासाठी रोमची परवानगी लागली तर ती मागावी, अशी विनंती. सोबत माझ्यासारख्या तरुणांना त्यात काय मिळतं तेही. टोमणा एकही नाही. होते, ते दुसऱ्या वाचनात खोडले. सोमवारची सुट्टी संपली की पाठवतो. उत्तर 'नाही' असेल, किंवा येणारच नाही, तर मला वाईट वाटेल. मग रविवारी मी नेहमीच्या मिस्साला जाईन.

आजच्या वाचनात नसलेलं, पण त्याच अध्यायाच्या शेवटचं एक वाक्य आहे. शौल रडतो, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस म्हणतो आणि घरी जातो. दावीद मात्र त्याच्याबरोबर राजवाड्यात जात नाही. तो आपल्या माणसांसह पुन्हा गडावर जातो. म्हणजे सगळं गोड झालं नाही. निष्ठा राखली म्हणून त्याला भोळं व्हावं लागलं नाही आणि त्याची वणवणही लगेच थांबली नाही.

उद्या, २४ जानेवारीला, संत फ्रान्सिस द सेल्स यांचा सण. आपल्या नागपूरचं कॅथेड्रल त्यांच्याच नावाचं आहे. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप आले तेही त्यांच्या नावाच्या मिशनरी संघाचे. हे संत १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले. पण जिनिव्हा शहर कधीच कॅल्विनपंथीयांकडे गेलं होतं. स्वतःच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना मिस्सा करता येत नव्हती. ते आन्सी गावात राहून काम करत राहिले आणि १६२२ मध्ये वारले, तोवर कॅथेड्रल परत मिळालं नव्हतं. इतकं मोठं नुकसान सोसलेला माणूस आज सौम्यतेसाठी ओळखला जातो. कडू झालेल्या माणसाला असं कुणी ओळखत नाही. मी उद्या त्यांच्याकडे माझ्या मित्रासाठी मध्यस्थी मागणार आहे, आणि माझ्या जिभेसाठीही.

मित्रा, तू हे वाचशीलच. तू देवापासून दूर गेलास असं मी म्हणत नाही, ते ठरवणारा मी कोण? पण तुझी खुर्ची आमच्यात रिकामी आहे. पुढच्या वेळी भारतात येशील तेव्हा भंडाऱ्याला ये. आजीच्या शेजारी बसू. गाणं बेसूर असेल, आधीच सांगून ठेवतो.

प्रार्थना: प्रभू येशू, तू बारा जणांना नावानं बोलावलंस, त्यांतल्या प्रत्येकाला ओळखूनही. आमच्या पोप लिओंना, बिशपांना आणि धर्मगुरूंना लोकांचं ऐकणारे कान दे. आम्हाला खरं बोलायचं धैर्य दे आणि बोलताना काठ कापण्यापासून वाचव. जे आमच्यातून दुखावून गेले त्यांना आमच्याकडे आण, आणि आम्हाला त्यांच्याकडे ने. आमेन.

आजच्यासाठी प्रश्न: मला ज्याचा राग आहे त्या अधिकाऱ्याला मी शेवटचं समोरासमोर कधी बोललो, आणि त्याच्या पाठीमागे किती वेळा?

(१८ ते २५ जानेवारी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह आहे. दोन दिवस उरलेत. एक माळ त्यासाठी म्हणूया.)